गॅरेजमधला हापूसचा धूर
सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आयुष्यात एकही सिगारेट न ओढलेला मी, बावन्नाव्या वर्षी, अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या आमच्या गॅरेजमध्ये हापूसच्या स्वादाची वेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढू लागलो. निकोटिन शून्य, मग भीती कसली, असं मी बायकोला ऐटीत ऐकवलं.

"सोडायला काही नव्हतं, तर धरलंस कशाला?" ती म्हणाली.

महिन्याभरात खोकला लागला, हुबेहूब वडिलांचा. ते सिगारेटपायीच गेले होते, म्हणून पुण्याहून आलेल्या आईला यातलं काही कळू द्यायचं नव्हतं.

एका दुपारी मी खोकत असताना आईने गॅरेजचं दार उघडलं. धुराकडे बघत ती पांढरीफटक पडली आणि ओरडली, "अहो, पुन्हा ओढायला लागलात?"