पद्मजासाठी केलेला गंबो

“अगं, सरळ डेट म्हण की!” फोनवर तिची मैत्रीण दीपा खिदळत होती. “जेवायला जातोय, जेवायला जातोय काय करतेस? मोगरा इथे मिळत नाही, निदान परफ्यूम तरी लाव.”

“बेचाळिसाव्या वर्षी कसली गं डेट,” वसुधा म्हणाली. पण फोन ठेवल्यावर तिने परफ्यूम लावला. मग जास्त झाला असं वाटून मनगट धुतलं.

वसुधा नेरुरकर टेक्ससमधल्या अर्विंगच्या एका हॉस्पिटलच्या ब्लड बँकेत कामाला होती. कुणाचं रक्त कुणाला चालेल हे रोज तपासायचं. वेंगुर्ल्याहून आली तेव्हा धाकट्या बहिणींची लग्नं व्हायची होती. ती झाली, तोवर हिच्यासाठी स्थळ बघणारं कुणी उरलं नव्हतं. मंडळाच्या गणपतीत उकड काढायला तिलाच बोलावत, पोरं तिला वसुधामावशी म्हणत. कार्यक्रम संपून सगळे जोडीजोडीने पार्किंग लॉटकडे निघाले की ती गाडीची किल्ली उगाच पर्समध्ये शोधत मागे रेंगाळत असे.

श्रीरंग वैद्य तिला तिथेच भेटला. नागपूरचा, टेलिफोन कंपनीत इंजिनिअर. बायको, पद्मजा, दोन वर्षांपूर्वी कॅन्सरने गेली होती. वसंतातल्या पिकनिकला त्याने वसुधापुढे चिकन येताना पाहिलं, तिने मान हलवून नको म्हटलेलंही पाहिलं. त्या दिवशी संकष्टी होती. पण श्रीरंग खूश होऊन म्हणाला, “बरं झालं, तुम्हीही आमच्यासारख्याच शाकाहारी!” वसुधा नुसती हसली. त्या हसण्याने घात केला. तेव्हापासून तो दर रविवारी फोन करू लागला, कधी चहाला येऊ लागला, आणि हिच्या घरातला तव्यावरच्या माशांचा वास बंद झाला. आणून ठेवलेली कोलंबी तिने फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीखाली दडवली.

त्याच्यासाठी मासे सोडायला ती तयार होती. मात्र आपण काय सोडतोय हे त्याला कळावं, एवढंच तिला वाटे. आज त्याच्यासमोर कोलंबी मागवायची, असं तिने ठरवलं होतं. तो ‘असू दे’ म्हणाला, तर पुढचं जे काही विचारेल त्याला हो म्हणायचं.

“साडी नेसाल का?” त्याने फोनवर विचारलं होतं. “तिथे घरच्यासारखं असतं.”

हॉटेल हायवेच्या कडेला होतं. लुइझियानाहून आलेलं एक केजन, म्हणजे तिथल्या जुन्या फ्रेंच वस्तीतलं, कुटुंब ते चालवत होतं. आई चुलीशी, मुलगा गल्ल्यावर, नात टेबलांवर. लाल चौकड्यांच्या प्लास्टिकच्या चादरी, कुठेतरी टेपवर अकॉर्डियन. शेजारच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून उकडलेल्या, कोलंबीसारख्या क्रॉफिशचा ढीग ओतला होता, आणि एक अख्खं कुटुंब कोपरापर्यंत हात माखून ते सोलत होतं. वसुधाने खोल श्वास घेतला. लोण्यात परतलेली कोलंबी, तिखट, लसूण. हाताने खाणारी इतकी माणसं तिने या देशात एकत्र कधी पाहिली नव्हती.

श्रीरंग सरळ खिडकीजवळच्या टेबलाकडे गेला. “तुम्ही इथे बसा. पंख्याचा वारा नीट लागतो.”

“तुम्ही नेहमी येता का इथे, श्रीरंगराव?”

“यायचो,” तो म्हणाला.

मेनूवर कोलंबीच्या ओळीवर तिचं बोट टेकलं होतं. ती नातीला हाक मारणार, तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार ढकलून म्हातारी बाहेर आली. हातात वाफाळता वाडगा. लोक तिला मिस ओडील म्हणत, आणि ती लाडाने सगळ्यांना ‘शा’ म्हणे.

“बघू, बघू माझ्या मुलीला!” वाडगा टेबलावर ठेवून तिने वसुधाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. म्हातारीच्या डोळ्यांवर मोतीबिंदूची साय आली होती. “केस आले, शा! म्हटलं नव्हतं मी, येतील म्हणून?”

वसुधाला कळेना. तिने श्रीरंगकडे पाहिलं. तो चादरीवरचा एक चौकोन नखाने घासत होता.

“डोक्याला रुमाल बांधून आली होतीस मागे,” म्हातारी सांगत होती. “तेव्हापासून चर्चमध्ये रोज मेणबत्ती लावतेय तुझ्यासाठी. आज सकाळी याने फोन केला, दोघांचं टेबल ठेवा म्हणाला, आणि मी रडलेच. लगेच पालेभाज्या निवडायला बसले. तुझा गंबो. मांसाचा कण नाही, देवाशप्पथ!”

ही ती नव्हे, ती गेली. एवढंच म्हणायचं होतं, आणि ते त्याने म्हणायचं होतं. श्रीरंगने मान वर केली. डोळे भरलेले. वसुधाकडे नुसता पाहत राहिला, जसं हॉस्पिटलात नातेवाईक तिच्या हातातल्या रक्ताच्या पिशवीकडे पाहत.

“मी बरी आहे आता,” वसुधा इंग्रजीत म्हणाली.

म्हातारीने तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि एप्रनने डोळे पुसत आत गेली.

वसुधाने चमचा उचलला. पालेभाज्यांच्या त्या दाट रश्शाला अळूच्या फदफद्याच्या जवळ जाणारी चव होती, वर मिरीचा झणका. फार चांगला झाला होता.

“सॉरी,” श्रीरंग म्हणाला. “मला बोलवेना.”

“ही खुर्ची त्यांची का?”

“तिला फार उकडायचं.” त्याने पंख्याकडे पाहिलं. “थँक यू, वसुधा. तुम्ही ‘बरी आहे’ म्हणालात ना, क्षणभर मला खरंच…”

त्याने पाण्याचा ग्लास उचलला.

“मी मासे खाते,” वसुधा म्हणाली.

“काय?”

“मासे. बांगडा, कोलंबी, तिसऱ्या. लहानपणापासून. त्या दिवशी संकष्टी होती, म्हणून चिकन घेतलं नाही.”

तो चक्क हसला. “एवढंच ना? असू दे की! मी काय तुम्हाला पंगतीतून उठवणार आहे?” आणि लगेच स्वयंपाकघराच्या दाराकडे नजर टाकून आवाज खाली आणला. “फक्त आज नको हं. म्हातारीला काय वाटेल!”

‘असू दे’ म्हणाला होता तो. तिने जे ऐकायला साडी नेसली होती, तेच शब्द. वसुधा वाडग्याचा तळ दिसेपर्यंत खात राहिली.

“मी आज एक विचारणार होतो,” तो म्हणाला.

“आज नको, श्रीरंगराव.”

निघताना म्हातारीने उरलेला गंबो डब्यात भरून दिला. बाहेर टेक्ससचं ऊन अजून उतरलं नव्हतं. तिच्या अपार्टमेंटसमोर त्याने इंजिन बंद केलं.

“रविवारी फोन करू ना?”

“नको.”

“माझं काही चुकलं का?”

“नाही हो. तुम्ही दोघं फार चांगले आहात.”

त्याचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. ती दार उघडून उतरली तेव्हा म्हणाला, “तुमचा डबा राहिला.”

“त्यांनी पद्मजासाठी केलाय,” वसुधा म्हणाली. “तुम्ही घेऊन जा.”

घरात येऊन तिने मटारच्या पिशवीखालची कोलंबी काढली, सिंकमध्ये ठेवली आणि साडी न बदलता बर्फ सुटायची वाट बघत उभी राहिली. खिडकी बंदच होती. वास कोंडला तरी चालणार होतं. कुणी येणार नव्हतं.