ब्रेकचा दिवा

आमच्या आदिलाबादेत गाड्यांचं वायरिंग करणारे एक म्हातारे मिस्त्री आहेत. बल्ब हातात आला की ते आधी कानाशी धरून हलवतात. मालकापेक्षा गाडीशीच जास्त बोलतात. माझ्या जुन्या गाडीला तर नेहमी विचारतात, "काऊन रुसली वं?"

त्या सकाळी दाट धुकं होतं. नेरडीगोंड्याच्या शाळेत जायला गाडी मागे घेतली, तर ब्रेक दाबूनही भिंतीवर लाल उजेड पडेना. हायवेवर मागून ट्रक येतात, म्हणून आधी मिस्त्रींकडे गेले.

त्यांनी बल्ब हलवून पाहिला. "हा तं चांगला हाय. अर्थिंगच भेटून नाही राह्यलं त्याले."

दिव्यामागच्या अर्थिंगच्या वायरचं गंजलेलं टोक त्यांनी पॉलिश पेपरने घासलं आणि घट्ट बसवलं. मी ब्रेक दाबला. दिवा लागला.

"झालं ना काका? निघू?"

"थांबा मॅडम. उभ्या गाडीचं काई खरं नाही. हादरा बसला की पुना जाते."

दुकान तसंच उघडं टाकून ते मोटरसायकलवर माझ्या मागे निघाले. प्रत्येक गतिरोधकाला मी ब्रेक दाबायची आणि आरशात, धुक्यातून, त्यांचा हात वर व्हायचा.

हायवेच्या तोंडाशी ते खिडकीपाशी आले. कानटोपीवर दव साचलं होतं.

"बराबर लागते. जा आता सावकाश."

ते वळले आणि धुक्यात दिसेनासे झाले. पुढे रस्ता मोकळा होता, तरी मी उगाचच एकदा ब्रेक दाबला.