शेडवरचा अनुभव

विश्रामबागेत आमच्या बेदाणा कंपनीच्या ऑफिसात मुलाखती चालल्या होत्या. तासगावकडच्या एका मुलीच्या अर्जात निर्यात विभाग सांभाळल्याचं लिहिलं होतं. साहेबांनी त्याबद्दल विचारलं, तशी ती गडबडली.

"ते एआयनं घातलंय, सर. मी नीट वाचलंच न्हाई."

"मग तुम्ही काय केलंय?" मी विचारलं.

"वडलांच्या शेडवर बेदाण्याची प्रतवारी करते. कॉलेजात असल्यापासनं."

आम्हाला नेमकं हेच काम येणारं माणूस हवं होतं.

"हे का नाही लिहिलं?"

"घरचंच काम, म्हणून एआयला सांगितलंच न्हाई."

साहेबांनी अर्ज बाजूला सारला. "खोटं लिहिलेलं चालणार नाही." मी तिच्या बाजूनं बोललो, पण साहेबांचंही चुकत नव्हतं. "येते सर," म्हणून ती उठली. मी पुढचा अर्ज उचलला.