पपईच्या दांडीतून गेलेले पाणी

सुभद्राबाईंचे पहिले दर्शन मला आमच्या अकोल्याच्या जुन्या शहरातल्या शाळेच्या अंगणात झाले. बाई स्वस्थ बसल्या होत्या. समोर फळवाल्या बागवानांची चार वर्षांची नूरी रांजणाच्या सांडपाण्याला झेंडूपर्यंत वाट काढीत होती आणि मधल्या पायवाटेवर ती वाट येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी मोडत होती. मी कवितेचा मास्तर. कळवळून मदतीला वाकलो.

"मास्तर, हात मांगं घ्या," बाई म्हणाल्या. "पोरगी इचार करून राह्यली."

बाई शिशुवर्ग सांभाळीत; मूर्तिजापूरकडच्या माळ्याच्या घरच्या. लेकराने हाक मारल्याशिवाय त्याच्या कामाला हात लावायचा नाही, हा त्यांचा दंडक आज इथे जमलेल्या आपणा सर्वांना ठाऊक आहेच. तो एकदा वर्गाच्याच मुळावर येणार होता.

चारच दिवसांनी शाळेच्या चालकांपैकी एक वकीलसाहेब आले; शिशुवर्ग ठेवायचा की मोडायचा, हे ठरवायला. मी लेकरांकडून नदीची कविता घोटून घेतली होती. काय गोड म्हणायची! आणि ऐन वेळी नूरी चिखलात. मी हाक मारणार, तोच बाई म्हणाल्या, "थांबा. तिचं पानी झाडाले पोचलं नाही अजून."

एवढ्यात साहेबांचा जोडा नेमका नूरीच्या पाण्याच्या पाटावर पडला.

"पाय उचला नं, साहेब. तुमी पानी अडवून राह्यले," बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या.

मी माफी मागायला पुढे झालो. साहेबांनी मात्र पाय उचलला. नूरीने पाट पाहिला, मग जोडा पाहिला. पळत जाऊन तिने पपईच्या पानाची पोकळ दांडी आणली, पायवाटेत आडवी पुरली, वर माती थापली.

"आता द्या पाय."

साहेबांनी दिला. झेंडूच्या बुडाशी पाणी निघाले! त्यांनी पुन्हा, जरा जोराने दिला. पाणी चालूच.

"कोनं शिकवलं वं तुले हे?"

"तुमच्या जोड्यानं."

साहेब पोट धरून हसले. वर्ग राहिला, कविता मात्र राहून गेली. शाळा सुटताना बाईंनी सारी लेकरे माझ्यासमोर उभी केली आणि मला एकट्याला त्यांच्याकडून ती ऐकवली. म्हणाल्या, "तुमचंबी पानी पोचलं पाह्यजे, मास्तर."

आज बाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. मी त्यांच्याहून म्हातारा. पण एखादे लेकरू काही मांडून बसलेले दिसले, की माझे हात आपोआप पाठीमागे जातात. बाईंनी निरोगी शंभरी पाहावी आणि अंगणात अशाच स्वस्थ बसून राहावे. आम्ही मोठी माणसे अजूनही न बघताच पाय टाकतो.