कपाटातले नवे प्लग

आमचे मालक माणसाची पारख गाडीच्या प्लगवरून करत. इंजिनात ठिणगी पाडणारा बोटाएवढा प्लग काढायचा आणि त्याचं टोक बघायचं. काळं असलं तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरं असलं तर गरमी जास्त, आणि बिस्किटासारखं तपकिरी असलं म्हणजे सगळं बराबर. एवढ्या ज्ञानावर त्यांनी सगळं गाव वाटून टाकलं होतं. शेजारचा किसन खाऊन दिवसभर झोपायचा, म्हणून तो काळा. मी, त्यांची बायको, तापट म्हणून पांढरी. एकदा मी विचारलं, "मंग बिस्किटावानी कोन हाय गावात?" त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "तसं कोनी न्हाई. मी हाय जरासा."

त्यांची पेट्रोलची पांढरी गाडी नांदेडच्या एका कंत्राटदाराची जुनी. बाळापूरजवळच्या आमच्या गावात तेव्हा दुसरी चारचाकी नव्हती, म्हणून मालक आपोआप मेकॅनिक ठरले. कोणाची फटफटी बंद पडली की ती आमच्या अंगणात येई. औषध एकच, प्लग बदला. किसनने एकदा डिझेलचा पंप आणला. त्याला प्लग नसतो हे कळल्यावर मालकांनी पंपालाच नावं ठेवली. "असली बिनप्लगाची मशीन घ्यावच काहून मानसानं?"

नवे प्लग आणि वायरी घ्यायच्या म्हणजे बाळापूरचे दोन-तीन बाजार सहज जात. रुमालात जुना प्लग नमुन्याला गुंडाळून न्यायचे. दुकानदाराने नवा पुढे ठेवला की आधी दोन्हींचे आटे एकमेकांना लावून बघायचे, मग पांढऱ्या चिनीमातीवर कुठे चीर आहे का ते उन्हात धरून. नखाने टिचकी मारून कानाशी नेत, जसं आपण मडकं घेताना करतो. वायर वाकवून बघत, हुंगत, हाताने मापत. "आखूड घेतली तं तानते, लांब घेतली तं इंजिनाला टेकते आन् जळते," असं मला सांगत. मी भाजीची पिशवी घेऊन उभी. दुकानदार एकदा वैतागून म्हणाला, "काका, प्लग लेना है के बहू पसंद करना है?" मालक मान वर न करता म्हणाले, "बहू एक लगती. प्लग चार लगते."

इतकं निवडून आणलेला प्लग-वायरींचा तो संच गाडीत बसेल असं कोणालाही वाटेल. तो लोखंडी कपाटात बसला, माझ्या लग्नाच्या शालूशेजारी. गाडीत जुनेच. दर महिन्याला पॉलिश पेपरने घासायचे, फट नीट करायची आणि परत लावायचे. "नवे कधी लावनार?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "वेळ आली की."

पोरीचं लग्न झालं. सासरी, हट्टा गावाला, तिची पाठवणी याच गाडीतून, आणि जुन्याच प्लगांवर. मागे वऱ्हाडाची जीप. गाडी धक्के देत, खोकत फाट्यापर्यंत गेली. व्याही जीपमधून ओरडले, "नवरी रडून राहिली का गाडी?" सगळे हसले. मी हसले नाही. पोरीचं लग्न ही जर वेळ नव्हती, तर या माणसाची वेळ कोणती, हे मला आता जिवंतपणी बघायचंच होतं.

वायरींच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता आणि तो ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. चार प्लगांना चार वायरी. त्या सगळ्या एकदम काढायच्या नाहीत. एक काढायची, तिच्या जागी एक लावायची, मगच दुसरीला हात. अदलाबदल झाली की ठिणगी भलत्या वेळी पडते आणि गाडी फटफट करून बसते. "समजा झालीच," बोट वर करून म्हणत, "तं ध्यानात ठेवा. एक, तीन, चार, दोन. या पाळीनं ठिनगी पडते." मी चौथीपर्यंत शिकले. बाराचा पाढा विसरले, पण हा पाढा माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

कापूस वेचणीचे दिवस होते. दुपारी माझ्या पोटात अशी कळ आली की मी वावरातच बसले. पित्ताच्या पिशवीत खडे होते, ते मागून कळलं. बाजाराचा दिवस, बाळापूरला सवारी नेणारी जीप निघून गेलेली. मालकांनी मला घरी आणलं, गाडीच्या मागच्या सीटवर आडवी केली आणि सेल्फ मारला. गाडी खोकली आणि गप्प झाली. त्यांनी बॉनेट उघडलं, प्लग काढले आणि पॉलिश पेपर घेऊन ओट्यावर घासायला बसले.

मी म्हटलं, "मी मेल्यावर घासा. तवा सवड भेटंल."

त्यांनी ऐकून घेतलं. घासलेले लावले. गाडी परत खोकली. मग ते घरात गेले आणि मला कपाटाच्या किल्लीचा आवाज आला. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, आपलं काही खरं नाही.

नवे प्लग त्यांनी बसवले. मग, सगळ्या तालुक्याला नियम सांगणाऱ्या या माणसाने चारही जुन्या वायरी एकदम उपटल्या. हातात नव्या वायरी घेऊन गाडीपुढे उभे. "एक..." म्हणाले आणि थांबले. पुन्हा "एक..." म्हणाले. पुढचं आठवेना.

मी सीटवरून ओरडले, "एक, तीन, चार, दोन!"

"बराबर," ते म्हणाले, जशी काही माझीच परीक्षा चालली होती.

पहिल्या सेल्फला गाडी सुरू झाली. वारंगा फाट्यापर्यंत ते इंजिनाकडे कान लावूनच आले. मग म्हणाले, "आवाज ऐकला का? काय गोड चालून राहिली." मी पोट दाबून म्हटलं, "व्हय."

नांदेडला ऑपरेशन झालं, मी घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मालक बॉनेटात वाकलेले. नवे प्लग आणि वायरी काढून, पुसून, कागदात गुंडाळून परत कपाटाकडे चाललेले.

"काहून?" मी विचारलं.

"तू बरी झाली न्हाई का आता?"

"मंग? परत पडू का आजारी?"

"पडलीस तं हायेत म्हनून," ते म्हणाले आणि कपाटाला किल्ली लावली.

मी परत आजारी पडले नाही. तेच गेले, गेल्या उन्हाळ्यात. ओट्यावर चहा पिऊन कप खाली ठेवला आणि भिंतीला टेकले ते टेकलेच. त्यांच्या वेळेला कपाट उघडायचीही सवड कोणाला मिळाली नाही. पोरगा पुण्याहून त्याच्या गाडीत आला. ती डिझेलची. मालकांची तिलाही नावं ठेवून झाली होती.

पावसाळा संपल्यावर कळमनुरीचा एकजण जुनी गाडी न्यायला आला. बराच वेळ सेल्फ मारून बघितला. "मावशी, हिला ओढून न्यावं लागतंय," म्हणाला. मालकांची गाडी दोराला बांधून गावातून जाणार, हे काही मला पटलं नाही. मी आत गेले, कपाट उघडलं आणि कागदाची पुडी त्याच्या हातात दिली. म्हटलं, "एक काढायची, एक लावायची. सगळ्या एकदम उपटू नको."

गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली आणि फाटकातून गोड आवाज करत गेली. जुने चार प्लग त्याने अंगणातच टाकले होते. मी ते उचलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी झाडताना खराट्याला लागले, तेव्हा उचलले. उन्हात धरून बघितले. चारही टोकं बिस्किटाच्या रंगाची. त्या प्लगांवर गाडी कधी धड चालली नाही, पण रंग बराबर होता. कपाटात शालूशेजारी जागा रिकामी झालीच होती, आणि किल्ली आता माझ्याकडे होती.