शेवंतीमावशीचं पहिलं तिकीट

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर शेवंतीमावशी राहते. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर खिडकीत बसून तिने तीस वर्षं लोकांना घोड्यांची तिकिटं विकली आणि स्वतः एकदाही खेळली नाही. खिडकीच्या आत बसणाऱ्याने खेळायचं नाही, हा तिचा स्वतःचा नियम. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी तो तिने सोडला नव्हता. मला तिचा रागच यायचा. जन्मभर मिठाईच्या दुकानात बसून पेढा न चाखणारी माणसं मला समजत नाहीत.

तिची खिडकी बुटकी होती. समोरच्याचा चेहरा दिसायचा नाही, फक्त हात आत यायचे. त्यामुळे मावशी हात ओळखायला शिकली. नोट कुरवाळत देणारा हमखास हरायचा. तळवा घामेजलेला असला की समजायचं, हा कुणाचं तरी ऐकून आलाय. ज्याला खरंच काही ठाऊक असायचं त्याचा हात सैल असायचा. हे ती आम्हाला सांगायची आणि आम्ही हसायचो.

सगळ्यात जास्त हसायचा तिचा भाचा सुयोग. तो अंधेरीच्या एका कंपनीत प्रोग्रॅमर आहे. त्याने हौसेने एक सॉफ्टवेअर लिहिलं होतं. रेसच्या आधी ज्या घोड्यावर जास्त पैसे लागतात त्याचा भाव उतरतो, म्हणजे तो जिंकला तर हातात कमी पडतं. सुयोगचं सॉफ्टवेअर दर अर्ध्या मिनिटाला सगळ्या घोड्यांचे भाव टिपायचं आणि त्यांच्या रेघा काढायचं. एखादी रेघ धाडकन खाली आली की ती लाल व्हायची. म्हणजे कुणीतरी जाणकाराने त्या घोड्यावर पैसे लावले.

"आत्या, तुझे हातबित जुने झाले गं," तो एका रविवारी म्हणाला. "आता हे मशीन सांगतं कोणाला काय माहितीय ते."

"माका माझे डोळे पुरे," मावशी म्हणाली.

"मग लाव ना एकदा! एकच तिकीट. नुसतं बोलायला काय जातंय?"

संध्याकाळी मावशी जिन्यात मला म्हणाली, "लावतंय मी. पण घोडो हरलो, तर तीस वर्षां मी नुसते सुटे पैसे मोजीत बसलंय, असा होतला गो." मला पहिल्यांदाच तिच्याबद्दल वाईट वाटलं.

मावशी पहिल्यांदा खेळणार म्हटल्यावर सोसायटी घरी बसते काय? बस ठरली, बत्तीस जण निघाले, डब्यात घावणे आणि चटणी. पहिल्या रेसच्या आधी घोडे गोल फिरवत होते तिथे मावशी कठड्याला टेकून उभी राहिली. घोड्यांकडे तिने बघितलंच नाही. घोड्यांना धरून चालणाऱ्या मोतद्दारांच्या हातांकडे बघत होती. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "सहा नंबर. त्याचो हात बघ कसो सैल आसा. कोणाक सांगू नको हां."

सहा नंबरला कुणी विचारत नव्हतं. दहा रुपयाला दोनशे असा भाव होता. मावशीने दहाचं एक तिकीट काढलं.

मी फक्त शेजारच्या शीतलला सांगितलं. शीतलने फक्त नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, 'कुणाला सांगू नका.'

दहा मिनिटांत सुयोग मोबाइल नाचवत पळत आला. "आत्या, सहाची रेघ लाल झाली! दोनशेचे साठ झाले. कुणीतरी मोठ्या माणसाने पैसे लावलेत!"

मावशी हरखली. मोठ्या माणसालाही तेच दिसलं होतं! तो कोण, म्हणून ती टाचा उंचावून खिडक्यांकडे बघायला लागली. रांगेत सगळ्यात पुढे आमचे सेक्रेटरी अंबादासकाका होते. त्यांच्या मागे शीतल, तिचा नवरा, तिसऱ्या मजल्यावरचं अख्खं कुटुंब. मोठा माणूस म्हणजे आम्हीच होतो. मावशीने माझ्याकडे असं बघितलं की मी घावण्यांचा डबा उघडून त्यात तोंड घातलं.

तोवर बोर्डावरचा भाव पडताना बघून बाकीचं मैदानही सहावर तुटून पडलं होतं. रेस सुटेपर्यंत दोनशेचे चौदा राहिले.

घोडे सुटले. सहा नंबर वळणापर्यंत पाचवा होता. मावशीने माझं मनगट असं आवळलं की बांगडी पिचली. शेवटच्या टप्प्यात तो बाहेरच्या बाजूने सुटला आणि मानेभराने जिंकला. अंबादासकाकांनी वयाचं भान न ठेवता उडी मारली. मी रडले. का ते विचारू नका.

"बघितलंस आत्या!" सुयोग ओरडला. "मशीनने आधीच सांगितलं होतं!"

"मेल्या," मावशी हसत म्हणाली, "तुझ्या मशिनीक कोणी सांगल्यान?"

सुयोगने मघाशी रांगेत उभ्या असलेल्या आमच्या लोकांकडे बघितलं. मग वाकून त्याने भर मैदानात तिच्या पायांना हात लावला.

पैसे घ्यायला आम्ही सगळे खिडकीशी गेलो. मावशीने तिकीट धरलेला हात आत घातला. आतल्या मुलीने तिकीट ओढलं. ते सुटेना.

"सोडा ना आजी. तिकीट दिल्याशिवाय पैसे नाही मिळणार."

"पैसे कोणाक होये?" म्हणत मावशीने तिकिटासकट हात मागे घेतला.

आतली मुलगी वाकून बघायला लागली, हा हात कुणाचा म्हणून. तिला चेहरा दिसेना. तेव्हा मावशी कमरेत वाकली, खिडकीच्या फटीशी तोंड नेलं आणि तिला आपला चेहरा दाखवला.