सुपारी धरता येईल अशी नखं

रोझीताईंचं नाव आधी घेते, मग काय झालं ते सांगते. त्या सोमवारी त्यांनी मला बेसिनपाशी नेऊन विचारलं नसतं, तर सोनईच्या एका नवरीला मी चुकीची नखं लावून दिली असती आणि सख्ख्या बहिणीची हळद मोबाईलवर बघत बसले असते.

रोझीताईंचं श्रीरामपुरात पार्लर आहे. मी तिथे नखांचं काम करते. घर खर्ड्याला. जिल्हा एकच, पण त्याच्या एका टोकाला घर आणि दुसऱ्या टोकाला मी. एसटी बदलत बदलत दिवस जातो. आठवीनंतर शाळा सुटली, तेव्हा ओळखीच्या एका बाईंनी इथे आणून सोडलं. मी केस कापायला शिकायचं म्हणून आले होते. रोझीताईंनी माझ्या हातात ब्रश दिला, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हात थरथरत नाही तुझा. नखं शीक." हात नाही थरथरत, हे खरं. बाकी सगळं थरथरतं.

तर सोमवार. माझ्यासमोर सोनईची प्राजक्ता बसली होती. बुधवारी तिची हळद आणि गुरुवारी लग्न. शेजारच्या खुर्चीत तिची आत्या, मांडीवर पानाची चंची. प्राजक्ताने मोबाईल पुढे केला. लांब, टोकाला निमुळती, दुधासारखी पांढरी नखं.

"हीच पाहिजेत. ॲक्रेलिक."

मी तिचे हात बघितले. नखं दातांनी खाल्लेली, पार कातडीपर्यंत.

"साखरपुड्याचा अंगठीचा फोटो ग्रुपवर टाकला," ती म्हणाली, "तर नणंदेने काय लिहावं? वहिनी, परीक्षेचा निकाल अजून लागायचाय का?"

आत्या हसली. प्राजक्ता नाही हसली. मग मलाही हसता आलं नाही.

इथे थोडं समजावून सांगते, कारण बाहेरून सगळी नखं सारखीच दिसतात. जेल पॉलिश म्हणजे फक्त रंग. आपल्याच नखावर लावायचा आणि दिव्याखाली पक्का करायचा. लांबी मिळत नाही. ॲक्रेलिक म्हणजे पावडर आणि लिक्विड. दोन्ही मिळून ओला गोळा होतो, तो नखावर बसवून आकार द्यायचा. हवेतच दगडासारखा कडक होतो. जेल एक्स्टेन्शन त्याहून हलकं, जरा लवचीक. ते दिव्याखाली पक्कं होतं. आणि प्रेस-ऑन म्हणजे तयार नखं. बाजारात स्वस्त पाकिटं मिळतात, ती सैल बसतात. पण पार्लरमध्ये आम्ही प्रत्येक बोटाचं माप घेऊन, घासून, रंगवून सेट बनवतो. तो आयत्या वेळी चिकटवायचा, काम झालं की काढायचा.

प्राजक्तासाठी योग्य काय, हे मला तिचे हात बघताच कळलं होतं. खाल्लेल्या नखावर लांब ॲक्रेलिक म्हणजे आखूड दांड्याला जड कुदळ. कुठे अडकलं तर खालचं खरं नखही उचकटतं. त्यात पांढऱ्या रंगाचं हळदीशी वैर. आज लावली तर, ॲक्रेलिक असोत की जेल, बुधवारी पिवळी होणार. म्हणजे प्रेस-ऑनच. हळद धुऊन झाल्यावर, लग्नाच्या सकाळी.

पण मी ते बोलले नाही.

कारण त्याच गुरुवारी खर्ड्याला माझ्या बहिणीचं, वैशालीचं लग्न होतं. चांगली तिथी असली की जिल्हाभर एकाच दिवशी मांडव पडतात. त्या दिवशी पार्लरकडे आणखी दोन नवऱ्यांचं काम होतं. रोझीताईंना नखांचं काम करता येत नाही. म्हणजे येतं, मला त्यांनीच शिकवलं. पण वर्षानुवर्षं ते लिक्विड आणि कच्चं जेल बोटांना लागून त्यांना ॲलर्जी झाली आहे. हातमोजे घालूनही बोटांची टोकं फुटतात. मग सीझनमध्ये सुट्टी कोणत्या तोंडाने मागायची? मी लग्नाचं सांगितलंच नव्हतं. वैशालीला कळवून टाकलं होतं की जमेलसं वाटत नाही. ती फोनवर "बरं" म्हणाली होती. नुसतं बरं.

आता बघा. प्राजक्ताने प्रेस-ऑन घेतली, तर सेट मी आधीच बनवून ठेवू शकत होते. चिकटवायचं काम कोणीही करेल. बाकीच्या दोघींचंही तसंच जमलं, तर मला जाता येईल. हे डोक्यात आलं आणि मी घाबरले. आपल्या सोयीचं तेच हिच्या गळ्यात मारतोय की काय? म्हणून तोंडातून निघालं, "ॲक्रेलिक छान दिसतील. गुरुवारी पहाटे या, मी आहे."

"पहाटे?" आत्या म्हणाली. "आगं, पहाटे नवरीला न्हाऊ घालायचं का तुज्याकडं पाठवायचं? आन् ह्या कुदळी लावून ती सुपारी कशी धरंल?"

लग्नानंतर हळद उतरवताना सुपारीचा खेळ असतो. नवरी मुठीत सुपारी धरते आणि नवऱ्याने ती एका हाताने सोडवायची. मग नवऱ्याची पाळी. जो जिंकेल त्याचं घरात चालतं म्हणतात.

"आत्या, तो खेळ आहे नुसता," प्राजक्ता म्हणाली.

"खेळ न्हाई. आमच्या मालकांला मी अजून सुपारी सोडवू दिली न्हाई. इचार त्यांला, घरात कोणाचं चालतं."

तेवढ्यात रोझीताईंनी त्यांच्या गिऱ्हाइकाच्या केसांना टॉवेल गुंडाळला आणि मला म्हणाल्या, "जरा आत ये."

बेसिनपाशी त्यांनी नळ सोडला, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

"त्या नखांवर ॲक्रेलिक? मी तुला असं शिकवलं?"

"नाही."

"मग?"

मी नळाकडे बघत सगळं सांगितलं. वैशालीचं लग्न, हळद, तिचं ते "बरं". प्रेस-ऑन सुचवायची भीती का वाटली, तेही.

रोझीताईंनी नळ आणखी मोठा सोडला. मग म्हणाल्या, "वेडी आहेस. खरं बोलल्याने तुझा फायदा होत असेल, तर तेवढ्याने ते खोटं होतं का?"

"पण त्यांना वाटेल..."

"त्यांना काय वाटायचं ते वाटू दे. तू पूर्ण सांग. अर्धं सांगतेस म्हणून तुला भीती वाटते." नळ बंद करताना म्हणाल्या, "आणि बहिणीचं लग्न मला आज कळतंय. त्याचं मी नंतर बघते तुझ्याकडे."

मी बाहेर आले आणि पूर्ण सांगितलं. ॲक्रेलिक का नको. जेल एक्स्टेन्शन का नको. प्रेस-ऑन का हवीत. आणि शेवटी, "तुम्ही ती घेतलीत तर मलाही गावी जाता येईल. माझ्या बहिणीचं लग्न आहे गुरुवारी. म्हणून आधी बोलले नाही."

प्राजक्ताने मोबाईलवरचा फोटो परत बघितला. "पण चिकटवलेली आहेत हे कळेल की. नणंद फोटो मोठा करून बघते."

आत्याने मात्र वेगळंच विचारलं. "तुज्या बहिणीला तू काय लावलं असतं?"

"हीच. एवढी लांब नाही. बोटाच्या थोडी पुढे."

"मग हिला बी तीच लाव. आधी दाव तरी."

मी नमुन्यातली मध्यम लांबीची नखं काढली, एका हाताला मापाने बसवली. आत्याने चंचीतून सुपारी काढून प्राजक्ताच्या मुठीत दिली आणि एका हाताने बोटं उचकटायला लागली. चांगली दणकट बाई. प्राजक्ताचा चेहरा लाल झाला. मूठ सुटली नाही. मग मी फोटोतल्यासारखी लांब लावून बघितली. मूठ मिटेचना. सुपारी घरंगळत खुर्चीखाली गेली आणि अंगठ्याचं नख तिच्या मागोमाग.

"गेलं तुजं राज्य," आत्या म्हणाली.

प्राजक्ता पहिल्यांदा हसली. "मधलीच द्या," म्हणाली.

तरी मी एक गोष्ट बजावली. नखं खाल्लेली, म्हणजे ग्लूला जागा कमी. एखादं सुटू शकतं. जास्तीची दोन आणि ग्लू सोबत देईन. पूर्ण सांगायचं म्हटलं की हेही आलंच.

बाकीच्या दोघींना रोझीताईंनी फोन केला. एक प्रेस-ऑनला तयार झाली. दुसरीला जेलच हवं होतं. रोझीताई म्हणाल्या, "तिचं मी बघते. तू जा." मी त्यांच्या बोटांकडे बघितलं. त्यांनी हात ॲप्रनच्या खिशात घातले.

बुधवारी खर्ड्याला उतरले तेव्हा ऊन कलायला आलं होतं. किल्ल्याच्या बाजूने चालत आले, तर घरातली हलगी लांबूनच ऐकू आली. इतके महिने मी हा रस्ता रोज झोपताना मनातल्या मनात चालत होते. आता खरंच चालत होते. वैशाली हळदीने माखून पाटावर बसली होती. मला बघून उठता येईना, म्हणून तिथूनच ओरडली, "आली व्हय गं बया! जमत न्हवतं ना?" आणि रडायला लागली.

तिच्यासाठीही मी एक सेट बनवून नेला होता. दुसऱ्या दिवशी लग्नाला तिने तो लावला, फोटो काढले आणि सुपारीच्या आधी काढून आईकडे दिला. आईने त्यातलं एक नख आपल्या बोटावर ठेवून बघितलं. तिच्या बोटांवर शेतातल्या कांदा कापणीच्या चिरा होत्या.

"हे तू करती?"

"हो."

"तिथं एकटीच बसून?"

मी नाही म्हणाले. रोझीताई असतात, म्हणाले.

आईने ते नख परत डबीत ठेवलं, पण डबी वैशालीला दिली नाही. स्वतःच्या ट्रंकेत ठेवली.

परत आले तर प्राजक्ताच्या आत्याचा फोन येऊन गेला होता. अंगठ्याचं नख जेवणाच्या पंगतीत सुटलं, आत्याने ग्लूने परत बसवलं. नणंदेने फोटो मोठा करून बघितला आणि पार्लरचं नाव विचारलं. सुपारी सुटली नाही.

रोझीताईंच्या उजव्या हाताची दोन बोटं फुटली होती. त्यांनी पट्टी बांधलेली, आणि विचारलं तर म्हणाल्या, "भाजी चिरताना."

या धंद्यात मी शिकले ते एवढंच की, नखं गिऱ्हाइकाचा हात बघून निवडायची, आपली सोय बघून नाही, आणि आपली सोय टाळायची म्हणूनही नाही.

राहिलं रोझीताईंचं. त्यांची म्हातारी आई संगमनेरकडच्या गावात असते. नाताळाच्या आदल्या दिवशी श्रीरामपूरच्या निम्म्या बायका आमच्या पार्लरमध्ये असतात, म्हणून रोझीताई दर वर्षी घरी पोचतात तेव्हा चर्चची उपासना संपलेली असते आणि आई दाराशी बसून असते. एका नाताळात शटर मी उघडीन, मीच बंद करीन, आणि रोझीताईंना आदल्या सकाळच्या एसटीत बसवीन. त्या नाही म्हणतील. तेव्हा मी त्यांना बेसिनपाशी नेईन आणि नळ सोडीन.